भिंगाचा आकडा आणि निगेटिव्हचा आकार: ३५ मिमी ते ८×१० इंच

प्रश्न असा आहे. ३५ मिमी कॅमेऱ्याच्या चांगल्या ५० मिमी लेन्सची चाचणी घेतली की प्रति मिलिमीटर ८० रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेष मिळून एक जोडी) सुट्या दिसतात, आणि ४×५ इंची कॅमेऱ्याच्या नावाजलेल्या लेन्सला जेमतेम ४० मिळतात. मग मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स निम्म्या दर्जाची म्हणायची का? तसं असेल तर एवढं ओझं वाहून लोक लार्ज फॉरमॅटकडे का जातात? विचारणाऱ्यांना निसर्गचित्रं काढायची आहेत, ट्रायपॉड वापरायची तयारी आहे, आणि प्रिंट १६×२० इंचांपर्यंत हव्या आहेत.

तुम्ही दिलेले दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. घोटाळा होतो तो ते शेजारी शेजारी मांडल्यामुळे. ‘प्रति मिलिमीटर’ म्हणजे फिल्मवरचा मिलिमीटर, आणि फिल्मवरचा मिलिमीटर कुणी पाहत नाही. आपण पाहतो ती प्रिंट. ३५ मिमीच्या चौकटीची लहान बाजू २४ मिमी. तिची १६ इंच, म्हणजे ४०६ मिमी करायची तर निगेटिव्ह जवळजवळ १७ पट मोठी करावी लागते. ४×५ च्या शीट फिल्मवर प्रत्यक्ष चित्र उमटतं ते साधारण ९५×१२० मिमी, म्हणजे त्याच प्रिंटसाठी सव्वाचार पट पुरे. लेन्सनं फिल्मवर जे काही रेखलंय ते एकीकडे १७ पट ताणलं जाणार आणि दुसरीकडे सव्वाचार पट. तुलना करायची तर ती या ताणानंतर.

त्याआधी फिल्मचा वाटा बघू, कारण लेन्स एकटी चित्र काढत नाही. फिल्मच्या माहितीपत्रकात विभेदनक्षमतेचे, म्हणजे प्रति मिलिमीटर किती रेषा सुट्या दिसतात याचे, दोन आकडे असतात. वेल्व्हिया ५० साठी ते १६० आणि ८०, टी-मॅक्स १०० साठी २०० आणि ६३, ट्राय-एक्स ४०० साठी १०० आणि ५०. मोठा आकडा १००० ला १ अशा कॉन्ट्रास्टच्या तक्त्याचा, म्हणजे काळ्याकुट्ट आणि पांढऱ्याशुभ्र पट्ट्यांचा. छोटा आकडा १.६ ला १ अशा फिकट फरकाचा. झाडाची साल, दगडावरचं शेवाळ, लांबच्या डोंगरावरची झुडपं यांतले बारीक फरक दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणून निसर्गचित्रांसाठी मी नेहमी छोटाच आकडा धरतो. मोठ्या आकड्यावर विसंबून कॅमेरा निवडला तर पदरी निराशा येते.

लेन्स आणि फिल्म मिळून काय उरतं याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. दोघांच्या आकड्यांचे व्यस्त (१ भागिले तो आकडा) घ्या, बेरीज करा आणि पुन्हा व्यस्त करा. लेन्स ८० आणि फिल्म ८० असेल तर निगेटिव्हवर उरतात ४०. आता लेन्स दुप्पट चांगली केली, १६० ची आणली, तरी उत्तर येतं ५३. दुप्पट लेन्सला सव्वापटीहून थोडा जास्त फायदा. आणि लेन्स निम्म्यानं उतरली, ४० ची झाली, तर उत्तर २७. लेन्सच्या आकड्यांमधली दरी निगेटिव्हवर पोचेपर्यंत बरीच बुजते. चाचण्यांचे तक्ते वाचून लेन्स विकत घेणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतःच्या हातानं करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचेच आकडे चालवू. ३५ मिमी: निगेटिव्हवर ४०, प्रिंट १७ पट, म्हणजे १६×२० च्या कागदावर प्रति मिलिमीटर २.४ रेषाजोड्या. ४×५: निगेटिव्हवर २७, प्रिंट सव्वाचार पट, म्हणजे कागदावर ६.३. मधला ६×७ सेंमीचा मीडियम फॉरमॅट घेतला (त्याची लहान बाजू ५६ मिमी) आणि त्याची लेन्स ६० ची धरली, तर निगेटिव्हवर ३४, प्रिंट सव्वासात पट, कागदावर ४.७. हातात धरून, म्हणजे २५ सेंमीवरून पाहणाऱ्या चांगल्या डोळ्याला साधारण ५ ते ७ रेषाजोड्यांपर्यंतचा तपशील कळतो. म्हणजे ‘निम्म्या दर्जाच्या’ लेन्सनं काढलेली प्रिंट डोळ्याची भूक पुरी भागवते, ६×७ ची उंबरठ्यावर येते, आणि ३५ मिमीची प्रिंट जवळून पाहिल्यावर मऊ वाटते. चार पावलं मागे सरकलात तर तीही छान दिसते, आणि भिंतीवरच्या बऱ्याच चित्रांकडे आपण तसंच पाहतो.

प्रिंट ८×१० इंचांची काढली तर चित्र पालटतं. ३५ मिमीचे होतात ४.७, ६×७ चे साडेनऊच्या आसपास, ४×५ चे साडेबारा. यातले शेवटचे दोन डोळ्याला सारखेच. निदान रेषा मोजण्यापुरते सारखे, रंगछटांचा भाग वेगळा आहे आणि त्याकडे येतोच. म्हणून ‘कुठला फॉरमॅट जास्त शार्प’ असं कुणी विचारलं की मी आधी प्रिंटचं माप विचारतो.

मोठ्या लेन्सचा आकडा मुळात कमी का, हेही समजून घेण्यासारखं आहे. एखादी ५० मिमीची लेन्स घ्या आणि तिची प्रत्येक काच, प्रत्येक वक्रता, प्रत्येक अंतर तिप्पट करा. १५० मिमीची लेन्स तयार होते, पण तिच्या विपथनांमुळे (किरण एका बिंदूत नीट न जुळण्याच्या दोषांमुळे) पडणारा बिंदूचा डागही तिप्पट होतो. काच घासणारा कितीही निष्णात असला तरी भूमितीपुढे त्याचं काही चालत नाही. दुसरं म्हणजे मोठ्या लेन्सवर कामाचा बोजा जास्त असतो. ३५ मिमीच्या लेन्सला ४३ मिमी व्यासाचं वर्तुळ झाकलं की झालं. ४×५ ची आधुनिक १५० मिमी लेन्स एफ/२२ ला (म्हणजे छिद्राचा व्यास फोकल लेंग्थचा बाविसावा भाग असताना) २०० मिमीहून मोठं वर्तुळ झाकते, कारण लेन्स बसवलेला पुढचा बोर्ड वर-खाली सरकवला किंवा तिरका केला तरी कोपरे शाबूत राहायला हवेत. मधोमध कमाल तीक्ष्णता आणि कडेपर्यंत समान दर्जा, यांत तिचा आराखडा करणाऱ्यानं दुसऱ्या गोष्टीला झुकतं माप दिलेलं असतं. आणि तिसरं, ती एफ/१६-एफ/२२ ला वापरली जाईल हे धरूनच ती बनवलेली असते. १८९२ साली आलेल्या डागोर धाटणीच्या लेन्स ८×१० इंची कॅमेऱ्यावर लोक आजही वापरतात आणि त्यांच्या कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, मोठी न करता काढलेल्या प्रिंटमध्ये) खोट काढता येत नाही. त्याच भिंगाची चिमुकली निगेटिव्ह १७ पट मोठी केली असती तर त्याचे सगळे दोष उघडे पडले असते.

इथे विवर्तन येतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे.

छिद्र लहान केलं की प्रकाश कडेवरून फाकतो आणि बिंदूचा डाग होतो. या डागाचं फिल्मवरचं माप फक्त एफ-क्रमांकावर ठरतं. लेन्स ५० मिमीची की ३०० मिमीची, स्वस्त की महाग, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सर्वसाधारण हिरवट प्रकाशासाठी १५०० ला एफ-क्रमांकानं भागा, रेषाजोड्यांची कमाल मर्यादा मिळते. एफ/८ ला सुमारे १८७, एफ/१६ ला ९३, एफ/२२ ला ६८, एफ/३२ ला ४७, एफ/४५ ला ३३, एफ/६४ ला २३. म्हणजे ४×५ वर एफ/३२ ला कुठल्याही कंपनीची, कितीही किमतीची लेन्स ४७ च्या पुढे जाऊच शकत नाही. चाचणीतला तुमचा तो ‘जेमतेम ४०’ चा आकडा असाच लहान छिद्राला घेतलेला असेल तर ती लेन्स निसर्गानं आखलेल्या रेषेजवळ पोचलेली आहे. तिला नावं ठेवायचं कारण नाही.

मग छिद्र एवढं लहान करायचंच कशाला? कारण मोठ्या फॉरमॅटवर तेवढंच दृश्य टिपायला लांब फोकल लेंग्थ लागते आणि तिची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जवळपासून लांबपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा, कमी असते. ३५ मिमीवर ५० मिमी लेन्स एफ/८ ला लावून जवळचा दगड आणि लांबचा डोंगर मिळतो असं समजा. ४×५ चा कर्ण ३५ मिमीच्या साधारण साडेतीनपट आहे. तिथे तीच चौकट साधारण १८० मिमी लेन्सनं मिळते आणि तेवढीच डेप्थ हवी तर छिद्र एफ/२८ च्या जवळ न्यावं लागतं. आता भोकाचा प्रत्यक्ष व्यास काढून बघा. ५० भागिले ८ म्हणजे सव्वासहा मिमी. १८० भागिले २८ म्हणजे ६.४ मिमी, जवळजवळ तेवढंच. एकाच जागी उभं राहून, तेवढ्याच भोकातून, तेच दृश्य पाहिलं जातंय. फिल्मवर विवर्तनाची मर्यादा एकीकडे १८७ आणि दुसरीकडे ५३, पण १६×२० च्या कागदावर आणली की ११ आणि १२. चौकटींच्या आकारातला थोडा फरक सोडला तर दोन्ही सारखेच.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. समान प्रिंट आणि समान डेप्थ ऑफ फील्ड अशी अट घातली तर विवर्तनाच्या बाबतीत सगळे फॉरमॅट एका पातळीवर येतात. मोठ्या फॉरमॅटचा फायदा येतो तो फिल्मच्या बाजूनं: तोच तपशील फिल्मच्या जास्त मोठ्या तुकड्यावर पसरलेला असतो, आणि लेन्सकडून प्रति मिलिमीटर फार मागणी नसते. या फायद्याची किंमत वेळेत मोजावी लागते. एफ/८ ला १/१२५ सेकंद असेल तर एफ/२८ ला तीच फिल्म १/१० सेकंद मागते. वारा असला की पानं हलतात, आणि हललेल्या पानावर कुठलीच लेन्स रेषा काढू शकत नाही. झाडाझुडपांत काम करताना वारा पडण्याची वाट बघत मी जितका वेळ घालवलाय तितका फोकस करण्यात घातलेला नाही. ४×५ ला बोर्ड तिरका करायची सोय असते, त्यामुळे जमिनीसारखं सपाट दृश्य असेल तर मोठ्या छिद्रातही जवळचं-लांबचं फोकसमध्ये आणता येतं. ती सवलत मिळाली की तराजू पुन्हा मोठ्या कॅमेऱ्याकडे झुकतो.

१९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे छायाचित्रकारांनी ‘ग्रुप एफ/६४’ नावानं प्रदर्शन भरवलं. नाव छिद्रावरून घेतलेलं, आणि वर काढलेल्या हिशेबानं एफ/६४ ला हाती लागतात फक्त २३ रेषाजोड्या. पण वेस्टन ८×१० ची निगेटिव्ह कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढत. ताण शून्य. विवर्तन २३ पर्यंत सोडतं आणि डोळा ७ ला थांबतो, म्हणजे तिपटीहून जास्त शिल्लक. ३५ मिमीवर कुणी एफ/६४ लावला असता तर कागदावर दीड रेषाजोडीही उरली नसती.

आता रंगछटांबद्दल राहिलेलं. ८×१० इंचांची प्रिंट ६×७ वरून आणि ३५ मिमीवरून, दोन्हींची रेषामोजणी जवळजवळ पुरेशी असूनही शेजारी ठेवल्या की न सांगता माणूस ६×७ ची उचलतो. याचं कारण ‘किती रेषा सुट्या दिसतात’ या आकड्यात मावत नाही. लेन्स बारीक तपशील दाखवते तो फिकट करून दाखवते. तपशील जितका बारीक तितका त्याचा कॉन्ट्रास्ट कमी. विभेदनक्षमतेचा आकडा सांगतो की तपशील कुठे पार पुसला जातो. त्याआधी तो किती ठसठशीत होता हे सांगतो एमटीएफचा आलेख: ठरावीक बारकाईच्या रेषांचा किती कॉन्ट्रास्ट लेन्समधून पार होतो याचा. ३५ मिमीवर ४० रेषाजोड्यांवर पडणारा तपशील ६×७ वर १७ ला पडतो आणि ४×५ वर १० ला. म्हणूनच झाइस आपल्या ३५ मिमीच्या आणि हॅसलब्लाडच्या लेन्सचे आलेख १०, २० आणि ४० ला देत आली, तर श्नायडर आणि रोडेनस्टॉक लार्ज फॉरमॅटचे आलेख ५, १० आणि २० ला देत आल्या. ४×५ च्या लेन्सचा १० चा आलेख आणि ३५ मिमीच्या लेन्सचा ४० चा आलेख शेजारी ठेवा, ती खरी तुलना. तिथे मोठी लेन्स भाव खाऊन जाते. यात कमी मोठे झालेले फिल्मचे दाणे मिळवा, आणि आकाशाची किंवा कातडीची छटा इतकी सलग का दिसते ते कळेल.

कागदावरचे हे आकडे प्रत्यक्षात कसे दिसतात ते सांगतो, कारण चाचणी स्वतः करण्यासारखी आहे. १९५१ चा अमेरिकी हवाई दलाचा तीन पट्ट्यांचा तक्ता घ्या. त्यात दर पायरीला पट्ट्या सुमारे १२ टक्क्यांनी बारीक होतात. लेन्सच्या फोकल लेंग्थच्या ५१ पट अंतरावर तो लावला (५० मिमीसाठी अडीच मीटरहून किंचित जास्त) की चित्र ५० पट लहान होतं. तक्त्यावरची प्रति मिलिमीटर १ रेषाजोडी फिल्मवर ५० होते. निगेटिव्ह धुऊन वाळली की भिंगाखाली, आणि शक्य असेल तर ४०-५० पटींच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. सुरुवातीचे गट स्वच्छ दिसतात, तीन काळ्या, मध्ये दोन पांढऱ्या. मग पांढऱ्या राखाडी होतात. मग दाण्यांच्या गर्दीत पट्टी आहे की दाणे योगायोगानं ओळीत आलेत हे ठरवावं लागतं, आणि तिथे दोन माणसं दोन वेगळे आकडे सांगतात. आडव्या पट्ट्या सुट्या आणि उभ्या चिकटलेल्या असतील तर लेन्सला दोष देण्याआधी कॅमेरा हलला का ते तपासा.

एक फसवी गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघायला हवी. फोकस थोडा चुकलेला असला की पट्ट्या एका पायरीला पुसट होतात आणि त्याहून बारीक पायरीला पुन्हा ठळक होतात. नवख्याला वाटतं लेन्स भारी आहे. मोजून पाहा: तिथे तीनऐवजी दोनच पट्ट्या असतात, काळ्याच्या जागी पांढरं आणि पांढऱ्याच्या जागी काळं झालेलं असतं. असा आकडा मोजायचा नाही.

फोकसवरून फिल्मच्या सपाटपणाचा मुद्दा निघतो. ४×५ च्या फिल्म होल्डरची खोली ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिमी, आणि तिला दोन्ही बाजूंना ०.१८ मिमीची सूट असते. निगेटिव्हवर ४० रेषाजोड्या टिकवायच्या तर एफ/५.६ ला फिल्म योग्य जागेपासून साधारण ०.१४ मिमीच्या आत हवी. म्हणजे प्रमाणात बसणारा होल्डरसुद्धा एफ/५.६ ला चित्र मऊ करू शकतो. एफ/२२ ला ही मुभा अर्ध्या मिमीच्या वर जाते आणि प्रश्न मिटतो. १२० च्या रोल फिल्मचं दुखणं वेगळं: रुळावर वळून रात्रभर पडलेला भाग दुसऱ्या दिवशी चौकटीत आला की तिथे फुगवटा राहतो. म्हणून मी मीडियम फॉरमॅटवर फिल्म पुढे ओढतो ती फोटो काढण्याच्या आधी, लगेच काढायचा असेल तेव्हाच. ३५ मिमीची चौकट इतकी लहान आणि दोन्ही कडांनी धरलेली असते की तिथे हा त्रास सहसा जाणवत नाही. पूर्ण उघड्या छिद्राला काम करायचं असेल तर लहान फॉरमॅट जास्त भरवशाचा.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात. इंचाला जितके पिक्सेल, त्याला ५०.८ नं भागा. ४००० चा खरा स्कॅन ७९ रेषाजोड्यांपर्यंत वाचू शकतो, २४०० चा ४७ पर्यंत. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावरचा आकडा आणि त्याची खरी क्षमता यांत बरंच अंतर असतं, त्यामुळे ३५ मिमीची निगेटिव्ह त्याच्यावर हमखास मार खाते आणि ४×५ ची सुखरूप सुटते. पण स्कॅनर असो की एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र), आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? हातात धरून १/३० ला काढलेल्या फोटोत कुठल्याच लेन्सची खरी ताकद उतरत नाही.

तुमच्यासाठी माझं मत: ट्रायपॉड आहे, विषय स्थिर आहेत आणि १६×२० हे शेवटचं माप आहे, तर ६×७ नं तुमचं बहुतेक काम होईल. ४×५ घ्या ते बोर्ड तिरका करता यावा म्हणून, किंवा प्रिंट नाकाजवळ धरून बघण्याची तुम्हाला आवड असेल म्हणून. पण त्याआधी एक करा. हातातल्या ३५ मिमीवर, ट्रायपॉडवर, कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर उचलून आणि केबल रिलीज (बटणाला हात न लावता फोटो काढायची तार) लावून, निष्पर्ण झाडाची फांदी आकाशासमोर धरून एफ/४ ते एफ/१६ पर्यंत एकेक फोटो काढा. निगेटिव्ह दहा पटींच्या भिंगाखाली पाहा. बारीक काटक्या तिथे सुट्या दिसत असतील आणि प्रिंटमध्ये चिकटत असतील, तर आधी एन्लार्जरची लेन्स पुसा, निगेटिव्ह आणि बेसबोर्ड (कागद ठेवायची खालची फळी) समांतर आहेत का ते तपासा, आणि त्याच लेन्सचं छिद्र दोन स्टॉप (दोन पायऱ्या) लहान करून पुन्हा प्रिंट काढा.